वाचून परत करीन

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात मी परदेशात जाऊन आले, असं मी वर्ध्यात सगळ्यांना सांगत सुटले होते. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. परदेश कसला! सुरतेच्या खाली वापी स्टेशनावर उतरायचं, मालट्रकात जागा मिळवायची, की तासाभरात सिल्वासा. पण त्या काळात तो मुलूख म्हणजे एक अजब प्रकरण होतं. चार वर्षांपूर्वी तिथून पोर्तुगीजांना घालवून दिलं होतं, आणि तरी तो आपल्या देशात सामील झालेला नव्हता. तिथली माणसं पंचायत करून कारभार बघत होती. पोर्तुगीज म्हणत होते मुलूख आमचा, दावा लांब कुठल्याशा कोर्टात चालला होता, आणि देश म्हणून त्याला कुणीच मानत नव्हतं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. वर्गातल्या नकाशात तो तुकडा अजून पोर्तुगीजांच्याच रंगात होता. एकदा एका मुलीनं विचारलं, की बाई, आता तिथं कोणाचं राज्य आहे. मला नीट सांगता आलं नाही. मी तिला खाली बसवलं आणि मनात घेतलं, की यंदाच्या सुटीत तिथंच जायचं. आमचे हे रेल्वेत होते, वर्ध्याच्या पार्सल ऑफिसात. वर्षाचा पास होताच. शेजारपाजारचे लोक पास काढून काशीला जात, रामेश्वरला जात. ह्यांच्या मनात जगन्नाथपुरी होती. मी म्हटलं, काशी कुठं पळून जात नाही, हा मुलूख मात्र उद्या नकाशातून पुसला जाईल. नवरा गरीब स्वभावाचा होता. भुसावळ, सुरत आणि वापी असा पास काढून आणला.

निघताना मी चार खादीची लुगडी घेतली. मुद्दाम नाही घेतली, दुसरी नव्हतीच. आमच्या शाळेत शिक्षिकांना खादीच नेसावी लागे आणि रोज अर्धा तास सूत कातावं लागे. वर्ध्यात खादीचं कुणाला काही वाटत नसे. शिपाई, दुकानदार, वकील, सगळेच खादीत. कातलेल्या सुताच्या गुंड्या घरात पडून असत. पाहुणा आला, कोणाचा सत्कार झाला, कोणी गाव सोडून निघाला, की आम्ही फूल द्यावं तशी गुंडी हातात देत होतो. प्रवासाला जाताना सवयीनं मी पाच-सहा गुंड्या पिशवीत टाकल्या.

हद्दीवर मोठी झडती होईल, कागदांवर शिक्के बसतील, अशी माझी फार आशा होती. एक उघडी चौकी होती. बाकावर बसलेल्या माणसानं आमच्या पिशव्यांकडे पाहिलं, माझ्या लुगड्याकडे पाहिलं आणि उभं राहून नमस्कार केला. माझा हिरमोड झाला. त्या नमस्काराचा अर्थ काही मी लावला नाही, म्हणजे तेव्हा लावला नाही.

सिल्वासात एका मराठी मास्तरांनी आमची सोय केली. वर्ध्याहून आलो म्हटल्यावर ते एकदम हात जोडून उभे राहिले. तुम्ही पवनारच्या आश्रमातल्या का, असं त्यांनी विचारलं. आता याचं सरळ उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हटलं, "पवनार आमच्यापासून तीन कोसांवर." यात खोटं काही नव्हतं. पवनारला मी जात असे ती शाळेची सहल घेऊन, धाम नदीच्या खडकांवर बसून चिवडा खायला. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाच्या कपात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवसापासून आमची सरबराई सुरू झाली. मास्तर पुढे, आम्ही मागे. हे पोर्तुगीजांचं कार्यालय, हे त्यांचं चर्च, ही दमणगंगा नदी. जिथं जाऊ तिथं माणसं बाज बाहेर काढत, पाणी आणत आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून आपली गाऱ्हाणी सांगू लागत. कोणाला विहीर हवी होती, कोणाला जंगलातलं लाकूड. मी मान हलवत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. वर्ध्यात माझ्या मान हलवण्याला शाळेतल्या मुलीसुद्धा विचारत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मास्तर आम्हांला गावाबाहेरच्या एका वारली पाड्यावर घेऊन गेले. कुडाच्या भिंतींचं एक घर, दारात एक म्हातारा आणि त्याची विधवा सून. सुनेनं ताडगोळे सोलून पानावर ठेवले. म्हातारा आत गेला आणि हातभर लांबीचं एक बांबूचं नळकांडं घेऊन आला. दोन्ही तोंडांना मेण लावलेलं होतं. मेण खरवडून त्यानं आतून एक कागद काढला. जाड, पिवळा, वर सुबक अक्षरातला पोर्तुगीज मजकूर आणि खाली एक निळं तिकीट. तिकिटावर गोल शिक्का असा मारला होता, की अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर.

मास्तरांनी समजावून सांगितलं. म्हाताऱ्याच्या बापाला पोर्तुगीजांनी नदीकाठचा एक तुकडा लावून दिला होता, त्याचा हा कागद. पलीकडचा एक मोठा जमीनदार म्हणत होता, की कागद फक्त बापाच्या हयातीपुरता आहे, आता जमीन माझी. पावसाळ्यानंतर पंचायत सगळ्यांचे जमिनीचे कागद बघायला बसणार होती. म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं, की आत काय लिहिलं आहे ते कोणीतरी भरवशाच्या माणसानं वाचून सांगावं. वाचणारे पोर्तुगीजांबरोबर निघून गेले होते, आणि जो एक गावात होता तो जमीनदाराच्या घरी जेवत होता. ती जमीन गेली तर म्हातारा, सून आणि दोन नातवंडं यांनी त्याच जमिनीवर मजुरीला जायचं, एवढंच पुढे उरलं होतं. वर्ध्याला मोठमोठी माणसं येतात, दुनियेच्या भाषा जाणणारी. बाईंनी कागद न्यावा, वाचून घ्यावा आणि परत पाठवावा, असं त्याचं मागणं होतं.

वर्ध्यात पोर्तुगीज येणारं काळं कुत्रंही नव्हतं, हे मला तिथं, त्या बाजेवर बसल्या बसल्या माहीत होतं. तरी मी हात पुढे केला. महिन्याभरात पोस्टानं पाठवते, असं म्हणाले. असा कागद आमच्या शाळेत कोणी पाहिलेला नसेल, हाही विचार त्याच क्षणी मनात येऊन गेला होता. तो आधी आला की नंतर, हे मी अजून नीट ठरवू शकले नाही.

ह्यांनी मला बाजूला घेतलं. बिनपावतीचं पार्सल आम्ही हातात धरत नाही, असं म्हणाले, घेऊच नको म्हणाले, आणि घेणारच असशील तर निदान पावती तरी दे. मी चिडले. पण मग वहीचं एक पान फाडलं आणि माझ्या त्या सुंदर, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: जमिनीचा एक कागद, तिकीट आणि शिक्क्यासह, वाचण्यासाठी मिळाला. वाचून परत करीन. खाली सही, शाळा आणि वर्धा. मास्तरांनी ते त्याला वाचून दाखवलं. त्यानं पान दोन्ही हातांनी घेतलं, गुंडाळलं आणि कागदाच्या जागी नळकांड्यात सरकवलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पिशवीतून सुताची एक गुंडी काढून त्याच्या हातात ठेवली. आमची आपली सवय. त्यानं गुंडी उलटसुलट करून पाहिली. मग मास्तरांना त्यानं काहीतरी विचारलं. मास्तर मला म्हणाले, की हे बाईंनी स्वतः कातलं का, असं विचारतो आहे. मी हो म्हटलं. त्यानं त्यातला पदर सोडवून नळकांड्याला चार वेढे दिले आणि गाठ मारली. त्याला ती गुंडी म्हणजे माझ्या शब्दाची गाठ वाटली, हे मला फार उशिरा कळलं.

वर्ध्याला आल्यावर मी एका प्राध्यापकांना कागद दाखवला. त्यांना थोडं फ्रेंच येत होतं. हे फ्रेंच नाही, एवढं त्यांनी खात्रीनं सांगितलं आणि मुंबईला पाठवून बघा म्हणाले. मुंबईला मी पाठवणार होते. शाळा उघडली, पाऊस लागला, सहामाही आली, दिवाळी आली. कागद माझ्या मोठ्या अ‍ॅटलासमध्ये होता. ह्यांनी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी अशी काही अंगावर गेले, की तिसऱ्यांदा ते बोलले नाहीत. ह्या दिवसांत मी एक गोष्ट मात्र चुकवली नाही. मैत्रिणींच्या घरी, महिला मंडळात, शाळेच्या हॉलमध्ये, जिथं बोलावतील तिथं मी माझ्या परदेशवारीवर बोलत होते. पार्सल ऑफिसातले लोक ह्यांची थट्टा करत, की तुमच्या बाई फॉरेन रिटर्न झाल्या.

डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन भरलं. भूगोलाच्या खोलीत मी तो कागद खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला, भोवती लाल शाईची चौकट काढली आणि भिंतीवर मधोमध टांगला. शाळेत एक शिपाईण होती, समुद्रपूरकडची गोंड बाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. स्टुलावर चढून खिळा तिनंच ठोकला होता. खाली उतरून ती कागदासमोर उभी राहिली. वाचता येत नव्हतं, पण तिकिटावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हा तं कोनाच्या वावराचा कागद दिसून राह्यला. भितीले काऊन लावला? त्याले पाह्यजे असन ना."

मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. तिनं शांतपणे सांगितलं, की तिच्या बापाकडेही असाच शिक्क्याचा कागद होता. उंदरांनी खाल्ला, आणि मग वावर गेलं. एवढं बोलून ती झाडू घेऊन निघून गेली. मला तिचा राग आला. खरं तर तिनं माझ्या जिवाला लागेल असं काही म्हटलंही नव्हतं, आणि म्हणूनच राग आला असावा.

प्रदर्शनाला शिक्षण खात्याचे तपासनीस साहेब आले. त्यांना तिकिटं जमवायचा नाद होता. त्या निळ्या तिकिटापुढून ते हलेनात. कुठून मिळालं, कसं मिळालं, मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी मागितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते फक्त म्हणाले, की माझ्याकडे सगळं आहे, एवढंच नाही. शाळेचा वरचा वर्ग मंजूर व्हायचा होता आणि माझी बढती त्यावर होती. दुसऱ्या दिवशी मी कापसाचा बोळा ओला करून तिकिटावर ठेवला आणि हलक्या हातानं ते सोडवून घेतलं. अर्धा शिक्का त्याच्याबरोबर गेला. एका पाकिटात घालून मी ते साहेबांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी मला कॉफी पाजली.

जानेवारीत एका सोमवारी मी शाळेत आले तर फाटकाजवळच्या लिंबाखाली शिपाईण कोणाशी तरी बोलत बसली होती. डोक्याला फडकं, कमरेला लंगोटी, अंगावर कोणीतरी दिलेला जुना कोट. शेजारी ते बांबूचं नळकांडं. मी ओळखलं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मागच्या दारानं आत जावं. गेलेही असते, पण त्यानं मला पाहिलं होतं.

तो सकाळी सातला आला होता. शिपाईण मला सगळं सांगत होती, त्याच्या बोलीतलं तिला तीन तासांत बरंचसं उमगलं होतं. पंचायतीनं त्याला दोन वेळा मुदत दिली होती. आता या महिनाअखेर कागद दाखवला नाही तर तुकडा जमीनदाराच्या नावावर चढणार होता. पोस्टाची वाट पाहून पाहून तो निघाला. भाषा येत नव्हती, वाट ठाऊक नव्हती. प्रत्येक स्टेशनावर, प्रत्येक फाट्यावर माझं ते वहीचं पान काढून दाखवायचं आणि लोक बोट दाखवतील तिकडे जायचं. भुसावळला त्याला चुकीच्या गाडीत बसवलं. दोन दिवस तिकडेच गेले.

मी त्याला भूगोलाच्या खोलीत घेऊन आले. त्यानं टेबलाशी उभं राहून नळकांड्यावरच्या सुताची गाठ सोडवली. सूत मळलं होतं, पण तुटलेलं नव्हतं. आतून माझं पान काढून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. इतके हात लागूनही त्याला कुठं घडी नव्हती, कोपरा दुमडलेला नव्हता. पावती देऊन माल घ्यायचा, ही पार्सल ऑफिसातली रीत त्याला कोणी शिकवली नव्हती. "बाय, माझा कागूद दे," तो म्हणाला.

मी कपाटातून पुठ्ठा काढला. त्यानं पाहिला. लाल चौकट, कोपऱ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी, आणि खाली तिकिटाच्या जागी पांढरट चौकोन. त्यानं त्या चौकोनावर बोट फिरवलं, पुठ्ठा उलटा करून मागं बघितलं. तिकीट मागं गेलं असेल असं त्याला वाटलं असावं.

मी शिपाईणीला म्हणाले, की त्याला सांग, तिकीट तपासायला वर पाठवलं आहे, साहेबांकडे आहे. माझं वाक्य संपायच्या आत मला त्याची लाज वाटली, पण मी ते संपवलं.

ते पाकीट मी साहेबांकडे नेताना शिपाईणीनं पाहिलं होतं. "हे मी त्याले नाई सांगत, बाई," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

तेव्हा मी सांगितलं. थांबून थांबून, सोप्या शब्दांत. तिकीट मी काढलं. एका साहेबांना दिलं. कागद कोणीच वाचलेला नाही. त्याला सगळं कळलं नसावं, कारण तो शिपाईणीकडे बघू लागला, आणि मग मात्र तिनं सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला. ती माझ्याकडे वळली. "तो इचारून राह्यला, काऊन काढलं म्हनते."

मी म्हटलं, साहेबांना आवडलं म्हणून. हे उत्तर तिनं त्याला दिलं की नाही, मी बघितलं नाही. मी पायांत चपला सरकवल्या आणि भर उन्हात साहेबांचं घर गाठलं. साहेब जेवायला बसले होते. तसेच हात धुऊन आले. तिकीट त्यांनी नागपूरच्या एका मित्राला देऊन त्याच्याकडून दुसरी दोन घेतली होती, आणि त्या मित्रानं ते पुढे मुंबईला कोणाला तरी दिलं होतं. मी एवढी रडवेली का झाले ते त्यांना कळेना. अल्बम उघडून म्हणाले, यातलं कुठलंही घ्या.

मी परत आले तेव्हा लिंबाखाली दोघं भाकरी खात होती, तिच्या डब्यातली. जाताना मी त्याच्यासाठी सांगून ठेवलेला चहा तसाच निवून गेला होता, वर साय धरली होती. कागद त्यांनी पाण्यानं भिजवून पुठ्ठ्यापासून सोडवला होता आणि उन्हात दगड ठेवून वाळत घातला होता. माझी खळ चांगली होती. मागचा थर जागोजागी निघाला होता.

मी शाळेच्या कागदावर सगळं लिहून काढलं: तिकीट मी काढलं, शिक्का पुरा होता, मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. सही केली. ते पंचायतीत दाखव म्हटलं. त्यानं ते हातात घेतलंच नाही. माझा एक कागद त्यानं आठ महिने सांभाळला होता. पुढे तोच मजकूर मी सिल्वासाच्या मास्तरांना पोस्टानं पाठवला, एकदा नाही, तीनदा. उत्तर आलं नाही. ह्यांनी दोन वर्षं सुटीचा पास काढून माझ्यापुढे ठेवला, वापीपर्यंतचा. मी गेले नाही. त्या घराच्या दारात आता कोण बसलेलं असेल, हे बघायची माझी छाती झाली नाही.

भाकरी खाऊन झाल्यावर त्यानं हात धुतले, वाळलेला कागद गुंडाळून नळकांड्यात घातला आणि तोंडाशी बांधायला काही शोधू लागला. सूत टेबलावर होतं. मी धावत जाऊन ते आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग डोक्याचं फडकं सोडलं, त्याची एक चिंधी फाडली आणि तिनं नळकांडं बांधून तो स्टेशनाच्या वाटेला लागला.